सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

वालूर,
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, सोमवार
(१८ डिसेंबर १९३९)

शिवाप्पादादांस मावसबहीण शांतम्मा हिचे शरणार्थ.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. चार पानांचं पत्र, त्यातली साडेतीन पानं दगडांवर. कोणत्या थराखाली कोणता थर, कुठला पिवळा, कुठला भुरका. मी सगळं वाचलं, कस्तुरालाही वाचून दाखवलं. घडी घालताना ध्यानात आलं की कस्तुराच्या आप्पांचा त्यात एकदाही उल्लेख नाही. लहानपणी गूळ कोणी खाल्ला असं मावशीनं विचारलं की तुम्ही विहिरीतल्या कासवाची गोष्ट सुरू करायचात. ती खोड अजून गेलेली नाही.

आता मुद्द्याचं. कस्तुराला मानवतचं स्थळ आलं आहे. घर आपल्यातलंच, किराणा मालाचं दुकान, मुलगा शांत. बघायला आले तेव्हा मुलाच्या आजोबांनी सरळ विचारलं की मुलीचे वडील आहेत की नाहीत. माझे थोरले दीर बसवंतराव म्हणाले, ते खाणीत गेले. पाहुण्यांना वाटलं नोकरीला गेले. मग त्यांनी विचारलं, सुट्टीवर कधी येणार? बसवंतराव छताकडं बघत बसले. मी दाराआड उभी होते, मला हसूही आलं आणि रडूही आलं.

चार वर्षांपूर्वी कंपनीचा उर्दू कागद आला. पटवाऱ्यानं वाचून सांगितलं की खाण पेटली, चार माणसं गेली, चौथं नाव यांचं. पण देह आला नाही. आपल्यात माणूस गेला की त्याला जमिनीत बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग देतात. इथं बसवायचं कोणाला? म्हणून समाधी झाली नाही, आणि समाधी झाली नाही म्हणून माझं कुंकूही कोणी पुसलं नाही. मी घरात कुंकू लावते, बाहेर निघताना पुसते आणि नुसती विभूती लावून जाते. चार वर्षं असं चाललं आहे. मला स्वतःलाच कळत नाही मी कोण आहे.

तुम्ही तिथं मुनशी होता, त्या दिवशी तिथंच होता. वैशाखात लग्न धरायचं आहे. हे आहेत की नाहीत, एवढंच एका ओळीत कळवा. दगडांचं नंतर लिहा.

तुमची धाकटी बहीण,
शांतम्मा


धानोली, तालुका राजुरा
बहमन १३४९ फसली
(२९ डिसेंबर १९३९)

चि. शांतम्मा हिस शिवाप्पाचे आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहावं की न लिहावं, यात माझा निम्मा दिवस गेला. शेवटी काहीच लिहिलं नाही. रागावू नकोस.

तू म्हणतेस दगडांचं लिहू नका. पण मी इथं दुसरं काय करतो? तीनशे माणसांच्या वस्तीत आता मी आणि दोन कुत्री. कंपनीनं मला राखणीला ठेवलं आहे आणि वर फर्मान सोडलं आहे की या बंद खाणीची आरंभापासूनची कैफियत लिहून पाठव. म्हणून डोक्यात दुसरं काही राहत नाही.

आपल्या वालूरला कुठंही खणलं तरी आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर, मग लाल मातीचा एक पट्टा, आणि पुन्हा काळा पत्थर. इथल्या टेकडीवरही तोच आपला काळा पत्थर आहे. पण त्याच्या खाली उतरलं की पिवळा वाळूचा दगड लागतो, त्याखाली भुरका मऊ दगड, त्यात झाडांची पानं दाबून ठेवल्यासारखी दिसतात, आणि त्याखाली चाळीस फूट कोळसा. इथला साहेब सांगायचा की आपला पत्थर वितळून पसरला त्याच्या कितीतरी आधी इथं जंगल बुडालं, त्याचाच हा कोळसा. म्हणजे तुझा नवरा, आपला अण्णाराव, वालूरहून इतक्या लांब आला तो आपल्याच दगडाच्या पोटाखाली कामाला आला.

तेराशे एकतीस फसलीत, म्हणजे अठरा वर्षांपूर्वी, नाल्याच्या काठावर गुराख्यांनी चूल मांडली आणि चुलीचे दगडच पेटले. तिथून खाण सुरू झाली. चाळीस फुटांपैकी वरचा बारा फूट कोळसा काढला, मध्ये मध्ये कोळशाचेच खांब राखले. पुढं भाव पडला तेव्हा हुकूम आला की खांबही काढा. खांब काढले, मागं छत बसत गेलं आणि चुरा तसाच आत राहिला. कडब्याची गंज ओली असताना रचली की आतून तापते, तसा हा चुरा बंद जागेत आपोआप तापतो. कोणी काडी लावावी लागत नाही. चार वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तेच झालं. दोन्ही तोंडांवर विटांच्या भिंती घालून खाण बंद केली. भिंतीला हात लावला तर अजून कोमट लागते.

आता तुझा प्रश्न. एका ओळीत उत्तर देता आलं असतं तर चार वर्षांपूर्वीच दिलं असतं. मला माहीत आहे ते असं. खाली उतरणारा प्रत्येक जण खाणीतले कंदील ठेवायच्या बत्तीघरातल्या फळीवरून आपला पितळी बिल्ला काढून नेतो आणि वर आला की परत खिळ्यावर अडकवतो. अण्णारावचा नंबर सत्तेचाळीस. त्या संध्याकाळी तिघांचे देह वर आले आणि सत्तेचाळीसचा खिळा रिकामा राहिला. शिवाय त्याची लिंगाची चांदीची डबी बत्तीघराच्या कोनाड्यात तशीच होती. वर आला असता तर आधी ती गळ्यात घातली असती. म्हणून मी चौथं नाव लिहिलं. ती डबी माझ्याकडं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. दर वर्षी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीपुढं तीन कोरी मडकी ठेवलेली असतात, काठोकाठ पाण्यानं भरलेली. मेलेल्यांचे नातेवाईक ठेवत असतील म्हणावं, तर तिघांतले दोघे गोंड भाऊ, त्यांची आई फार म्हातारी, आणि तिसऱ्या पोचन्नाला तर कोणीच नव्हतं. आणि ठेवायचीच तर चार ठेवावीत ना? कागदावर मेले चार, मडकी तीन. कैफियतीत हे कुठं लिहावं ते मला समजत नाही.

तुझा,
शिवाप्पा


वालूर,
पौष शुद्ध पंचमी, संक्रांत
(१४ जानेवारी १९४०)

शिवाप्पादादांस शांतम्माचे शरणार्थ.

आज संक्रांत. सकाळपासून बायका वाण द्यायला दारोदार फिरत आहेत. आमच्या दारासमोर आल्या की त्यांचा आवाज खाली जातो, आणि पुढच्या घरापाशी पुन्हा वाढतो. मला वाण द्यावं की देऊ नये ते त्यांनाही कळत नाही. मी आत जाऊन धान्य निवडत बसले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

दादा, मी तुमच्यावर फार रागावले आहे. यांची लिंगाची डबी चार वर्षं तुमच्या पेटीत आहे आणि तुम्ही मला पानांच्या ठशांच्या गोष्टी लिहिता?

आणि मला सांगा, ही डबी कोनाड्यात आली कशी? विहिरीत सुरुंग लावायला उतरताना हे गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत बांधून घ्यायचे. तापात भ्रमले होते तेव्हासुद्धा एका हातानं ते धरून होते. असा माणूस डबी काढून ठेवतो म्हणजे काय? बसवंतराव म्हणतात, लिंग अंगावरून उतरलं म्हणजे माणूस उरला नाही, आता शंका धरू नका. शेजारच्या कमलबाई वेगळंच म्हणतात. त्या म्हणतात, तिकडं एखादीचा नाद लागला असेल, तिच्यासाठी धर्मही सोडला असेल, आणि दादा भावासारखे असल्यामुळं झाकून घेत आहेत. मी त्यांना उलट बोलले नाही, कारण माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. लाज वाटते, पण खरं ते लिहिते. खालच्या अंधारात गेलेला नवरा आणि दुसऱ्या बाईच्या घरी गेलेला नवरा, यातला कुठला बरा हे ठरवत मी जेवायला बसते.

घरात आता ठरलं आहे. शिवरात्रीच्या दिवशी मठाचे स्वामी येणार. शेतात खड्डा काढून देहाच्या जागी ते लिंग ठेवायचं आणि समाधी बांधायची. मानवतकरांना तसं कळवलं आहे. म्हणून डबी पाठवा. डबीबरोबर त्या दिवशी काय झालं तेही सगळं लिहा. तुम्ही काहीतरी गाळलं आहे. माणसं मेली एवढं लिहिलंत, पण ती कशी मेली ते लिहिलं नाहीत. तुम्हाला मी लहानपणापासून ओळखते.

शांतम्मा


धानोली,
फरवर्दी १३४९ फसली
(५ फेब्रुवारी १९४०)

चि. शांतम्मा हिस आशीर्वाद.

दुसरी बाई वगैरे काही नव्हतं. कमलबाईंना सांग की इथं बाजाराच्या दिवशीसुद्धा माणूस माणसाला दिसत नव्हता, इतका सगळ्यांच्या तोंडावर कोळसा असायचा. हा माझा विनोद बरा नाही, पण पुढचं लिहायला हात उचलत नाही म्हणून केला.

आधी डबीचं. एकदा कोणाच्या तरी चुन्याच्या डबीत आगकाड्या सापडल्या. तेव्हापासून साहेबाचा हुकूम झाला की कसलीही बंद डबी खाली न्यायची नाही. सगळ्यांच्या डब्या बत्तीघरातल्या कोनाड्यात. अण्णारावनं पहिल्या दिवशी वाद घातला, दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं डबी काढून माझ्या हातात दिली. मला वाईट वाटलं. पोटासाठी यानंही लिंग उतरवलं, असं मनात आलं, आणि मी मुनशी, माझी झडती होत नाही, माझं लिंग माझ्या गळ्यात, याचीही लाज वाटली. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मी ती डबी कधी उघडली नाही. दुसऱ्याच्या लिंगाची डबी उघडायची नाही, एवढं आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

आता त्या दिवशीचं. हे मी कंपनीला सांगितलं, तुला सांगितलं नाही. त्याची अब्रू राहावी असं वाटलं.

आदल्या दिवशी शिवरात्रीचा उपवास होता, अण्णारावनं सकाळी माझ्याबरोबर पारणं केलं आणि खाली गेला. त्याच्या बोगद्यात तो, ते दोघे भाऊ आणि पोचन्ना. त्यांनी नवा सुरुंग उडवला. समोरची भिंत पडली आणि आतून लालभडक माती दिसली. त्याआधी इतक्या वर्षांत या खाणीत कुणी लाल थर पाहिलेला नव्हता. आणि त्या लालावर पाण्याचे थेंब. शेजारच्या बोगद्यातून मुकादमानं अण्णारावचं ओरडणं ऐकलं, "पाणी यायलंय, समदे वर चला, वरच्या अंगाला चला."

तू त्याची बायको आहेस, तुला मी काय सांगू? आपल्याकडं विहीर खणताना दोन काळ्या पत्थरांमध्ये लाल पट्टा लागला आणि तो ओला दिसला की पाणी हातभरावर आलं असं समजतात. त्यानं आयुष्यभर तेच पाहिलं होतं. पण इथला लाल तो नव्हता. मागच्या पोकळीत चुरा महिनोन्‌महिने धुमसत होता, त्या आचेनं भुरका दगड भाजून विटेसारखा लाल झाला होता. आणि थेंब म्हणजे आगीचा घाम. आग जवळ आली की छताला असा घाम फुटतो, हे इथली जुनी माणसं जाणतात. अण्णारावला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

पाणी असतं तर वर जाणंच बरोबर होतं. पण आला तो धूर, आणि धूर वरच चढतो. तिघे वरच्या अंगाला सापडले, एकमेकांना टेकून बसलेले. अण्णाराव त्यांच्यात नव्हता. तो उतारावर खाली गेला असावा, असं मुकादम म्हणाला. तिकडं कोणाला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंत घातली.

त्यानं तिघांना मरणाकडं पाठवलं, शांते. जाणूनबुजून नाही. पण पाठवलं त्यानंच. हे तुला कळू नये म्हणून मी दगडांवर लिहीत राहिलो.

डबी रजिस्टर पार्सलनं पाठवतो आहे. तीन फडक्यांत बांधली आहे, बांधताना डोळे मिटून घेतले. पोस्टमास्तर म्हणाला, आत काय? मी म्हणालो, देव. त्यानं 'घरगुती सामान' असं लिहिलं.

शिवाप्पा


वालूर,
शिवरात्रीनंतरचा तिसरा दिवस
(१० मार्च १९४०)

शिवाप्पादादांस शांतम्माचे शरणार्थ.

दादा, हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच उठा.

शिवरात्रीला स्वामी आले. शेतात खड्डा तयार होता. तुमचं पार्सल मी देवघरात तसंच ठेवलं होतं, मीही उघडलं नव्हतं. माणसं जमली, विभूती झाली, बेल झाला. नागुबाई माझ्या जवळ येऊन बसल्या. बांगड्या फोडायला त्याच येतात गावात. स्वामींनी फडकी सोडली, डबी उघडली, आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग डबी बसवंतरावांकडं केली. तेही बघत राहिले.

आत लिंग नव्हतं. तांबड्या मातीचा एक खडा होता, सुपारीपेक्षा थोडा मोठा, कोपरे मोडलेला.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू? स्वामी म्हणाले, ही थट्टा आहे. बसवंतराव म्हणाले, पोस्टात कोणी चांदी सोडून लिंग चोरलं. कोणी म्हणालं, लिंगाचीच माती झाली, माणूस पुण्यवान. एक जण म्हणाला, खड्डा काढलाच आहे तर खडा ठेवा आणि मोकळे व्हा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. नागुबाईंनी माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला आणि खडा मागितला.

विहिरीवर लाल पट्टा लागला की हे त्यातला खडा घरी आणायचे आणि वाटीभर पाण्यात टाकायचे. आपल्याकडची लाल माती पाण्यात घटकाभरात विरघळते, तळाला चिखल बसतो. तो चिखल बोटानं चाचपून हे सांगायचे की पाणी किती हातांवर आहे. मी ते इतक्यांदा पाहिलं आहे की खडा हातात आल्यावर दुसरं काही सुचलंच नाही. मी तो कळशीत टाकला आणि सगळ्यांना म्हटलं, थांबा. लोक थांबले, कारण काय करावं ते कोणालाच कळत नव्हतं. खडा विरला नाही. उन्हं कलली तरी विरला नाही. तुम्ही लिहिलंत तसा, भाजलेल्या विटेसारखा. हा तोच लाल आहे, दादा, त्या भिंतीतला.

आता तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला सांगते. तो लाल थर त्या सकाळच्या सुरुंगानं पहिल्यांदा दिसला. डबी त्याआधीच वर कोनाड्यात होती. मग त्या थराचा खडा वरच्या डबीत कसा गेला? खडा आपण होऊन चढून आला काय? तो घेऊन कोणीतरी वर आलं, आणि लिंगाची डबी दुसरा कोणी उघडणार नाही. हे वर आले होते. तुम्ही सगळे धुरापाशी धावलात तेव्हा बत्तीघर मोकळं असेल. आत लिंग नव्हतं, म्हणजे रोज रिकामी डबी तुमच्या हातात देऊन, लिंग फडक्यात बांधून गळ्यात घालून हे खाली जात होते. तुम्हाला वाटलं यांनी धर्म सोडला, आणि मला वाटलं यांनी मला सोडलं. चार वर्षं आपण दोघं एक न उघडलेली डबी धरून बसलो.

यांनी तो खडा पाण्यात टाकून बघितला असेल. तो विरला नाही तेव्हा यांना कळलं असेल की आपण काय केलं.

आणि तुमची तीन मडकी. चारच्या जागी तीनच का, हे तुम्हाला समजत नव्हतं ना? मेले तीनच, हे ज्याला माहीत आहे तोच तीन ठेवतो. पाणी येईल म्हणून त्यांना वर पाठवलं, ते पाणी हे दर वर्षी आणून देतात.

मी खड्डा बुजवायला लावला. बसवंतराव दोन दिवस बोलत नाहीत. मानवतकरांना मी स्वतः कळवलं आहे की मुलीचे वडील आहेत, आणि लग्न वैशाखातच होईल. खोटी पडले तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

मडकी कोणाकडून घेतली ते शोधा. सोबतची चिठ्ठी यांना वाचून दाखवा.

शांतम्मा

*

कस्तुराच्या आप्पांस,

खडा पोचला. मी तो पाण्यात टाकून बघितला, विरत नाही. मला सगळं समजलं आहे, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

मला राग आहे. तिघांसाठी पाणी नेलंत, आणि इथं दोघी होतो. कस्तुरा दहा वर्षांची होती, आता चौदाची आहे. वैशाखात तिचं लग्न आहे. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला या. त्यानंतर जायचं असेल तर मला सांगून जा.

खड्डा मी बुजवला आहे.


धानोली,
उर्दिबहिश्त १३४९ फसली
(३० मार्च १९४०)

चि. सौ. शांतम्मा हिस आशीर्वाद.

या वेळी नावाआधीची जागा मोकळी सोडलेली नाही.

तुझं पत्र वाचून मी बत्तीघरात जाऊन बसलो. मुनशी म्हणून अठरा वर्षं काढली, कागद लावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही अशी माझी समजूत होती. खिळा रिकामा, डबी जागेवर, म्हणून माणूस खाली, इतकं सोपं वाटलं होतं. या वर्षीही शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी तीन मडकी होती. मी पाहिली, पाणी झाडांना घातलं आणि परत कैफियत लिहायला बसलो. स्वतःचीच चीड येते.

मडकी घेऊन कुंभारवाडा गाठला. तानुबाई कुंभारणीनं मडक्यांची भाजणी बघूनच ओळखलं. म्हणाली, "नदीपल्याडचा विहीरवाला नेतो. घासाघीस न्हाई करत. तीनच घेतो." नदीपलीकडं इंग्रजी मुलूख, तिथं निजामाचा कागद जात नाही, म्हणून कोणी विचारलं नाही. दोन दिवस चालून गेलो. एका नव्या विहिरीवर माणसं बसली होती आणि खाली एकटाच माणूस खणत होता. लोकांनी सांगितलं की हा आधी दुसऱ्या कोणाला उतरू देत नाही. पाणी लागून तळ पक्का झाला की मगच बाकीच्यांना हाक मारतो.

मी वरून म्हणालो, अण्णाराव. त्यानं वर पाहिलं. दाढी पांढरी झाली आहे. गळ्यात सुती फडक्यात बांधलेलं लिंग होतं. मी काठावर बसून तुझी चिठ्ठी वाचली, तो खालीच उभा राहून ऐकत होता. 'इथं दोघी होतो' इथं आलो तेव्हा त्यानं हातातली पहार भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवलं. मी उरलेली चिठ्ठी वाचून संपवली.

वर आल्यावर त्यानं सांगितलं ते थोडंच. पाणी कुठवर चढलं ते बघायला तो उतारावर खाली गेला. तिथं कोरडं होतं. मागं वळला तर धूर. जुन्या हवेच्या भोकातून रांगत बाहेर आला, हाताच्या मुठीत तो खडा तसाच होता. बत्तीघरात घागर होती, तिच्यात बुडवला. तू लिहिलंस तसंच, सगळं.

घरी चल म्हटलं तर म्हणाला, "आदी त्या माउलीकडं जातो. चार वर्सं तिच्या दाराम्होरून परत फिरायलोय." म्हणून गोंड भावांच्या आईकडं गेलो. म्हातारीला आता कमी दिसतं. त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिनं चाचपत चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं विचारलं, "पोरं वर धाडलीस, मग तू खाली कायले गेलास?" तो म्हणाला, पाणी बघायला. ती म्हणाली, "म्हणजे मरण जिकडं हाय असं वाटलं, तिकडं तू गेलास. माझ्या लेकरांले तिकडं नाही धाडलंस." त्यानं मान हलवली. तिनं त्याला भाकरी दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानं मागितलंही नाही. पुढच्या वर्षी मडकी भिंतीपाशी न ठेवता तिच्या दाराशी ठेवायची, एवढं म्हणाली.

तिथून परत येताना तो आपण होऊन बत्तीघराकडं वळला. कमरेच्या पिशवीतून बिल्ला काढला, सत्तेचाळीस नंबरचा, घासून घासून आकडा पुसट झालेला. माझ्या हातात दिला नाही. फळीवर आपला खिळा शोधून स्वतः अडकवला. इतक्या वर्षांत मी माणसांना रोज बिल्ले अडकवताना पाहिलं, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

कैफियतीत चौथं नाव खोडून मेलेले तीन केले आहेत. कंपनी विचारेल तेव्हा बघू.

आत्ता तो बाहेर कुत्र्यांना भाकरी घालतो आहे. कस्तुरा केवढी झाली म्हणून तीनदा विचारून झालं. रिकामी डबी तू ठेवली असशीलच, ती काढून ठेव. आम्ही सोमवारी निघतो.

तुझा,
शिवाप्पा